‘वस्ती’ आणि आमचा मोहल्ला

गेल्या पावसाळ्यात दर रविवारी मगरिबनंतर मोमिनपुऱ्यातल्या एका खोलीत आम्ही आठदहा जण जमत होतो. खाली पूर्वी माग होते, आता गोदाम आहे. आधी एका वाचनालयाने जागा देण्याचे कबूल केले होते. पण आम्ही कोणते पुस्तक वाचणार हे कळल्यावर त्यांच्या कुलपाची किल्लीच हरवली. ती अजून सापडलेली नाही. मग एका चाचांनी आपली माळ्यावरची खोली उघडून दिली. पुस्तक होते वसंत मून यांचे ‘वस्ती’. जमणारी मुले विशीतली: कुणी आयटीआय करणारा, कुणी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, दोन मुली बी.एड.च्या. बहुतेकांचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले; मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी थबकणारी. म्हणून एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे ठरले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्या बी.एड.च्या मुलींपैकी एकीने मधेच विचारले, “सर, हे आत्मचरित्र आहे ना? मग यात ‘मी’ कुठं आहे?”

आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ ज्या प्रश्नाभोवती गेली पस्तीस वर्षे घुटमळते आहे, त्याची गाठ या साध्या विचारण्यात आहे असे आम्हांला वाटू लागले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

‘वस्ती’ १९९५ साली प्रसिद्ध झाले. तोवर मराठीत दलित आत्मकथनांची एक ठळक परंपरा तयार झाली होती आणि ती कशी वाचायची याची वाचकांना सवयही लागली होती. भूक, अपमान, गावकुसाबाहेरचे जिणे, शाळेत दाराशी बसणे, त्यातून वर येणारा एक ‘मी’, आणि वर आल्यावरही सुटता न सुटणारे एकटेपण. या परंपरेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण मध्यमवर्गीय वाचकाने तिला हळूहळू दुःखाचे दालन करून टाकले. पुस्तक उघडायचे, चुकचुकायचे, मिटायचे. ‘वस्ती’ या वाचकाला दाद देत नाही. नागपूरच्या सीताबर्डीतल्या महारपुऱ्याची ती गोष्ट आहे. १९३२ साली जन्मलेला आणि आईच्या कष्टांवर वाढलेला एक मुलगा ती सांगतो. भूक तिथेही आहे, आणि ती साधीसुधी नाही. पण मून भुकेपाशी थांबून वाचकाच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत नाहीत. ते पुढे जातात, कारण पुढे आखाडा आहे, भजनाची बैठक आहे, सणवार आहेत, भांडणे आहेत, आणि समता सैनिक दलाच्या कवायतीला जाणारी पोरे आहेत.

या पोरांमुळेच ‘वस्ती’ हे पुस्तक आम्ही या वार्षिकाच्या वाचकांपुढे आग्रहाने ठेवतो आहोत. न्यायाचे जग आणायला निघालेला तरुण मराठी साहित्याने अनेकदा रंगवला. बहुतेक वेळा तो एकटा असतो. त्याला गाव समजून घेत नाही, घर समजून घेत नाही, शेवटी तो शहरात तरी जातो नाहीतर तुरुंगात. मून यांच्या पुस्तकातला तरुण एकटा नसतोच. त्याच्या शेजारी त्याच्यासारखेच दहा जण उभे असतात, आणि त्या दहांना जेवू घालणाऱ्या बायका मागे असतात. बाबासाहेबांचा शब्द त्या वस्तीत पोचतो तो व्याख्यानातून कमी आणि गल्लीतल्या थोरल्या मुलांकडून जास्त. तो शब्द मग तिथल्या तालमीत, लेझमीत, पोरांच्या उनाडक्यांत मिसळून जातो. चळवळ ही वस्तीच्या रोजच्या जगण्याची चाल होऊन बसते, बाहेरून आलेली पाहुणी म्हणून राहत नाही. त्या मुलीला ‘मी’ दिसला नाही याचे कारण हे आहे. ‘मी’ आहे, पण तो रांगेत उभा आहे.

याची एक गमतीची, खरे म्हणजे खेदाची, साक्ष पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरात मिळते. गेल ऑम्व्हेट यांनी ते केले आणि २००१ साली ते निघाले. भाषांतराबद्दल आमची तक्रार नाही. त्यामुळे नागपूरची ही वस्ती जगभर गेली. पण नाव झाले ‘ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया’. मराठी नावात एक ठिकाण होते, एक समूह होता. इंग्रजी नावात एक मुलगा आला, त्याचे वाढणे आले, आणि ज्या शब्दाला पुस्तकाने पानापानावर झुगारून दिले तो शब्द ठळक अक्षरांत मुखपृष्ठावर आला. परदेशी बाजाराला दुःख एकवचनी लागते. आपल्या बाजाराचेही फार वेगळे नाही.

आता आमच्या घरात डोकावू.

१९३२ हे साल आम्हांला दुसऱ्याही एका मुलामुळे महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी चिपळूणजवळच्या मिरजोळीत हमीद दलवाई जन्मले. एक विदर्भातला, एक कोकणातला. दोघांनीही कोवळ्या वयात ठरवले की आहे ते जग असेच राहता कामा नये. एकाला बाबासाहेबांची चळवळ मिळाली, दुसऱ्याला राष्ट्र सेवा दल. पण फरक इथे संपत नाही. मून यांना चळवळ मिळाली ती वस्तीसकट. दलवाईंना चळवळ मिळाली आणि गाव हातचे गेले.

‘इंधन’ (१९६५) पुन्हा वाचून पाहावे. बरीच वर्षे गावाबाहेर राहून, हृदयविकाराचे दुखणे घेऊन त्यातला निवेदक कोकणातल्या आपल्या गावी विश्रांतीसाठी येतो. तो सुधारक आहे, धर्म पाळत नाही, गावातल्या मुसलमानांना तो आपला वाटत नाही आणि इतरांना तो मुसलमानच वाटतो. मुसलमान, कुळवाडी, बौद्ध यांच्यातले जमिनीचे, मानापानाचे, बाईचे ताण त्याच्या डोळ्यांदेखत पेट घेतात. तो पाहतो, बोलतो, धडपडतो. थांबवू काही शकत नाही. मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत आम्ही ‘इंधन’ची गणना करतो आणि त्याबाबत कुणाशीही वाद घालायला तयार आहोत. पण या कादंबरीने आमच्या पुढच्या लेखनाला एक साचाही देऊन टाकला: आजारी हृदयाचा, एकटा, परत फिरणारा सुधारक. दलवाईंनी तो स्वतःच्या अनुभवातून घडवला होता. आम्ही तो आयता उचलला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आलेल्या कथा-कवितांच्या चळती चाळल्या तर हा माणूस नाव बदलून पुन्हा पुन्हा भेटतो. तो शिकलेला असतो. मोहल्ला अडाणी असतो. मौलवी कावेबाज असतो. शेवटी तो खिडकीतून बाहेर पाहतो, किंवा गाडीत बसतो.

हे सारे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापैकी कित्येकांनी अशा गाड्या पकडल्या आहेत. दलवाईंच्या वाट्याला जे आले ते सोसायला छाती लागते, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९७७ साली, ते गेले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीवरही कुरकुर झाली. प्रश्न त्यांच्या धैर्याचा नाही. प्रश्न असा की त्यांच्याबरोबर जे होते ते कुठे गेले? १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. भाषणांत, लेखांत, दरवर्षीच्या स्मरणात आम्ही ‘सात’ हा आकडा उच्चारतो. आकडाच. त्या सातजणींनी आदल्या रात्री घरी काय सांगितले, मोर्चा संपल्यावर कुणाच्या घरी चहा झाला, दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणी काय बोलल्या, हे लिहिणारा एखादा मून आम्हांला भेटला नाही. मोर्चाची गोष्ट हमीदभाईंच्या चरित्रातले एक पान होऊन राहिली.

या बाबतीत ‘मी भरून पावले आहे’ हे पुस्तक अपवाद ठरते. मेहरुन्निसा दलवाईंचे हे आत्मकथनही १९९५ चेच. ‘वस्ती’ आणि हे पुस्तक एकाच वर्षी यावे हा योगायोग. ती दोन्ही शेजारी ठेवून वाचली जावीत, ही मात्र आमची इच्छा आहे. कारण आंदोलन ज्या स्वयंपाकघरावर उभे राहते ते इथे आहे. नवरा समाज बदलायला निघालेला, घरी माणसांची रीघ, आणि संसाराचा गाडा बाईच्या नोकरीवर चालणारा. त्यात कुठे आक्रस्ताळेपणा नाही, कुठे देव्हारा नाही. दलवाई गेल्यानंतर त्या स्वतः मंडळाच्या कामात उभ्या राहिल्या. न्यायाची भाषा बोलणाऱ्या तरुणांच्या घरातल्या न्यायाचा हिशेब कसा लागतो, हे मराठीत इतक्या साधेपणाने फार कमी जणांनी सांगितले आहे. ‘इंधन’ वाचून भारावलेल्या प्रत्येक तरुणाने पाठोपाठ हे पुस्तक वाचावे. भारावलेपण थोडे उतरेल. पण उतरलेलेच बरे.

‘वस्ती’मध्येही या जागी उणीव आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मून यांना आपल्या पहिलवानांचे, दांडपट्टा फिरवणाऱ्यांचे, भिडणाऱ्या पोरांचे फार कौतुक. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून चालायला लावलेल्या समाजाला ताठ मनगटाचे अप्रूप वाटणारच; ते आम्ही समजू शकतो. पण मनगटाला स्वतःची अशी दिशा नसते. नागपुरात आखाडे एकाच विचाराचे नव्हते, हे इथे जन्मलेल्याला सांगायला नको. कोणत्या तालमीतून सैनिक निघतो आणि कोणत्या तालमीतून दांडगा, हा फरक मून यांनी अधिक खणायला हवा होता. बायांच्या बाबतीतही त्यांची नजर ममतेची आहे, बरोबरीची क्वचितच. ती उणीव भरून निघते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात. नागपूरच्या जाईबाई चौधरी घ्या. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहणारी ही बाई शिकली आणि मुलींसाठी शाळा काढून बसली. १९३७ साली याच शहरात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पंगतीत त्यांना वेगळे बसवले गेले. देशभरच्या शिकल्या-सवरल्या बायकांची ती परिषद! त्यावर दलित स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, निषेधाच्या सभा झाल्या. आणि पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच मोहन पार्कवर सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी आपली स्वतःची परिषद भरवली. बाबासाहेब त्या परिषदेत बोलले. वसंत मून तेव्हा दहा वर्षांचे होते.

या तारखा आम्ही पाठांतरासाठी सांगत नाही. १९३७ च्या पंगतीपासून १९४२ च्या परिषदेपर्यंत पाच वर्षे लागली, हे आम्हांला त्या रविवारच्या मुलींना दाखवायचे होते. अपमान झाल्यावर कविता करता येते, गाडी पकडता येते, आणि पाच वर्षे घरोघर फिरून मांडवही भरवता येतो. तिसरी गोष्ट साहित्यात कमी दिसते कारण तिच्यात नाट्य कमी असते. वर्गणी गोळा करणे, सतरंज्या मागून आणणे, रुसलेल्या कार्यकर्त्याची समजूत काढणे यांवर कोण कादंबरी लिहिणार? मून लिहितात. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस त्यांच्या पुस्तकात आभाळातून पडत नाही. धर्मांतर नागपुरात झाले ते इथल्या गल्ल्यांनी तीस वर्षे त्याची तयारी केली होती म्हणून. समारंभाची जुळवाजुळव करणारे वामनराव गोडबोले रेल्वेत नोकरीला होते. लाखो लोकांचा तो मांडव अशा नोकरदार आणि मजूर तरुणांच्या खांद्यावर उभा होता.

इथे आमच्या मोहल्ल्यातल्या वाचकाला एक गोष्ट टोचते, टोचायला हवी. नागपूरचे महार विणकर होते आणि मोमिनही विणकर. उत्तरेतून येऊन कामठी-नागपुरात वसलेल्या जुलाह्यांचा माग आणि महारपुऱ्याचा माग यांत धोटा तोच, ताणा-बाणा तोच. कबीर दोन्हीकडे पोचलेला: इकडे जातभाई म्हणून, तिकडे पंथ म्हणून. १८७७ पासून एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाच्या गळ्याला फास बसला तोही दोघांच्या. एकाच भोंग्यावर उठणारे, एकाच फाटकातून आत जाणारे हे लोक. मग एका वस्तीतून समता सैनिक दल निघाले, आत्मचरित्र निघाले, बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा संपादक निघाला (१९७९ पासून निघू लागलेले ते खंड मून यांच्याच हातून झाले). आणि दुसऱ्या वस्तीची गोष्ट मराठीत का नाही?

‘मुसलमान मागास राहिला’ हे ठरीव उत्तर आम्ही स्वीकारत नाही. मोमिनांतही चळवळी झाल्या. विणकरांच्या संघटना झाल्या, आणि पुढे शब्बीर अन्सारींच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने महाराष्ट्रभर जातीचा प्रश्न मशिदीच्या पायरीपर्यंत नेऊन ठेवला. गोष्टी आहेत. लिहिणारा आणि भाषा यांची गाठ पडली नाही, एवढेच. मोमिनपुरा बोलतो ती नागपुरी हिंदी-उर्दू. शाळा उर्दू. मराठी म्हणजे कचेरीची भाषा, पोलीस ठाण्याची भाषा. विदर्भातल्या खेड्यांतला मुसलमान मराठी अस्खलित बोलतो, तिच्यात शिवी देतो आणि ओवीही म्हणतो. म्हणून आमचे बहुतेक मराठी लेखक खेड्यातून आले. त्यांनी शेत लिहिले, गाव लिहिले. शहरातला मोहल्ला त्यांनी बाहेरून पाहिला. आणि मोहल्ल्यातल्या मुलाने जे लिहिले ते उर्दूत लिहिले. त्याचा शेजारी ते वाचू शकत नाही. मून यांना मात्र स्वतःच्या वस्तीची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत नाला लागला, नदी नाही. त्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, पण आमची अडचण समजायला मदत होते.

नामांतराची गोष्ट घ्या. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. त्याचे पडसाद नागपुरात उमटले, ४ ऑगस्टला इंदोऱ्याच्या बाजूला गोळीबार झाला, तरुण पोरे मेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च औरंगाबादकडे चालत निघाला. या लढ्यावर कविता किती झाल्या! त्यांतल्या कित्येक आम्हांला तोंडपाठ आहेत. पण नामांतराच्या शहिदांची नावे वाचली जातात तेव्हा दोन नावांपाशी आम्ही दरवेळी थांबतो: अब्दुल सत्तार आणि शब्बीर अली काजल हुसेन. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून झालेल्या लढ्यात या दोघांची नावे शहिदांत आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्यालाही तीस वर्षे उलटून गेली. मुस्लिम मराठी साहित्याने ‘आम्ही या मातीचे’ असे ज्या कवितांतून पुन्हा पुन्हा सांगितले, त्यांपैकी एकही या दोन नावांवर लिहिलेली आमच्या वाचनात नाही. मातीचे असण्याची शपथ घेण्यात आम्ही इतके गुंतलो की मातीत मिळालेल्यांची चौकशी राहून गेली. आणि दलित साहित्यानेही ही दोन नावे यादीत ठेवली, गोष्टीत आणली नाहीत. चुकीची वाटणी करायची तर अर्धी-अर्धी करावी लागेल. आमच्याकडे थोडी जास्त.

लाँग मार्च नागपुरातून बाहेर गेला. सहा वर्षांनी, १९८५ साली, एक दुसरी यात्रा नागपूरकडे आली. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा, कोल्हापूर ते नागपूर. शहाबानो खटल्याचा निकाल नुकताच लागला होता. तलाक दिलेल्या बाया आणि त्यांच्याबरोबरचे तरुण गावोगाव थांबत येत होते, वाटेत विरोध होत होता. या मोर्चाचे पुढे काय झाले हे सारे जाणतात: १९८६ चा कायदा झाला, बाया पुन्हा एकट्या पडल्या. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये कायदा आला. त्या कायद्यात नवऱ्याला तुरुंग आहे. त्यामुळे बाईला पोटगी कोण देणार हा प्रश्न तसाच आहे, आणि मोहल्ल्याला त्यात न्यायापेक्षा दंडुका जास्त दिसतो. ज्या मागणीसाठी १९६६ साली सातजणी उन्हात उभ्या राहिल्या ती पन्नास वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या हातातले निशाण झाली, याचे दुःख त्या पिढीला असणार. साहित्याने इथे बोलायला हवे होते. न्यायालयाचा निकाल आणि पक्षांच्या घोषणा यांच्या मधे जी बाई उभी आहे, तिची खरी कादंबरी अजून यायची आहे. आली त्या बऱ्याचशा कथांत ती एकतर रडते किंवा भाषण करते.

आमच्या मंडळींपैकी काही जण म्हणतील, अशा दिवसांत स्वतःच्या घरातली उणीदुणी कशाला काढता? प्रश्न रास्त आहे. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल आणि हंसापुरी भागात हिंसाचार झाला, शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. त्यानंतर आठवडाभर आमच्या मोहल्ल्यातली पोरे वर्तमानपत्रांत होती. एरवी ती नसतात. त्याच आठवड्यात काही मुले, हिंदूही आणि मुसलमानही, औषधे पोचवत होती, रोजा सोडायच्या वेळी अडकलेल्यांना पाणी देत होती. ती बातमीत आली नाहीत आणि आमच्या कथेत येतील याची खात्री नाही. कारण आमच्या कथेतही तरुण मुसलमान दोनच रूपांत यायला शिकला आहे: संशयित म्हणून, नाहीतर बळी म्हणून. पहिले रूप इतरांनी दिले. दुसरे आम्ही स्वतः घेतले, आणि ते सोयीचे असल्याने सोडवत नाही. बळी काही करत नाही. त्याच्याबद्दल कळवळा वाटतो. ‘वस्ती’तल्या पोरांबद्दल वाचकाला कळवळा वाटत नाही, हेवा वाटतो. त्या रविवारी आयटीआयचा मुलगा म्हणाला ते आम्ही विसरलो नाही: “यांची मजा होती राव. यांना रोज काही ना काही काम असायचं.”

मून यांच्या पुस्तकाची याहून नेमकी समीक्षा आमच्या वाचनात नाही. न्यायासाठी झटणे ही जिवाला उभारी देणारी गोष्ट असते, तिच्यात थट्टामस्करी असते, रुसवेफुगवे असतात, पोटभर जेवलेली एखादी रात्र असते, हे आम्हा गंभीर लोकांना लिहिता आले नाही. आम्ही तरुणांना सांगत आलो की ही वाट काट्यांची आहे. खोटे सांगितले नाही. पण वाटेवर माणसे भेटतात हे सांगायचे राहिले.

दिवाळीच्या आसपास पुस्तक संपले. शेवटच्या रविवारी त्या दोघी मुलींनी एक वही आणली. त्यांनी गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारायला सुरुवात केली होती: माग कधी विकला, पहिला संप कोणता आठवतो, बर्डीवर सभेला कोण गेले होते, शाळेत मुलींना पहिल्यांदा कुणी घातले. वही मराठीत आहे. मधेमधे उर्दू शब्द देवनागरीत, काही चुकीचे. एका दादींनी सांगितलेली हकीकत तीन पाने आहे आणि तिच्यात तारीख एकही नाही, पण कोणत्या वर्षी कापसाचा भाव काय होता हे मात्र त्यांना पक्के ठाऊक आहे. ‘मी’ या शब्दाखाली एकीने पेन्सिलीने रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह केले होते. आम्ही शुद्धलेखन तपासायला वही मागितली. त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, अजून अकरा घरे राहिली आहेत.